डाव्या वळणावरचा हॉर्न

"मेस्त्री आहेत का घरात?"

मी व्हॅनखाली आडवी होते. पाऊस थांबला होता, पण फणसाच्या पानांवरून थेंब अजून गळत होते. अंगणातला चिखल पाठीला लागला होता आणि ऑइलचा एक थेंब माझ्या कपाळावर पडून निवांतपणे कानाकडं निघाला होता. मला दिसत होते फक्त दोन बूट. काळे, पॉलिश केलेले. रामनगरच्या श्रावणात असले बूट घालून कोण फिरतं?

"मेस्त्री न्हाईत," मी खालूनच म्हटलं. "मी हाय."

"मग... तुम्ही कोण?"

"गाडीची मालकीण. जरा बाजूला व्हा. तुमच्या बुटाखाली माझा नट हाय."

बूट घाईघाईनं मागं सरकले, आणि होता नव्हता तो नट चिखलात आणखी खोल गेला. मग बुटांशेजारी दोन गुडघे आले. एक हात आला. आणि शेवटी एक चेहरा आला, उलटा, चष्मा नाकावरून कपाळाकडं घसरलेला. माझ्या तोंडावर काळं, केसात काळं, आणि तो माणूस माझ्याकडं असा बघत होता की मला वाटलं व्हॅनखालीच राहावं. पण नट शोधायचा होता. चिखलात मी बोटं घातली, त्यानंही घातली. नट आधी सापडला नाही. बोटं सापडली.

"हा नट न्हाई," मी म्हटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि बोट मात्र लगेच सोडलं नाही.

त्याचं नाव प्रज्योत. कुळ्याचा, म्हणजे घाट उतरलं की गोवा लागतो तिथला. कॅसलरॉक स्टेशनात तिकिटं द्यायची नोकरी. त्याच्या जुन्या लाल गाडीचा हॉर्न मुका झाला होता आणि जंगलातल्या वळणांवर हॉर्नशिवाय गाडी हाकायला त्याला भीती वाटत होती. बाजारात कुणीतरी त्याला सांगितलं होतं, पलीकडच्या गल्लीत एक पोरगी गाड्या उघडते.

उघडते. दुरुस्त करते, असं कुणी म्हणालं नव्हतं. ते मला फार नंतर कळलं.

मी गाड्या का उघडते ते सांगते. अप्पांनी सारा जन्म ही व्हॅन रामनगर ते जोयडा चालवली. मग त्यांची कंबर धरली आणि व्हॅन माझ्या हातात आली. पहिल्यांदा बिघडली तेव्हा मी गॅरेजात घेऊन गेले, तर तिथले चौघं माझ्याभोवती उभे राहून हसले. "अप्पाला पाठव," म्हणाले. मी तडक गाडी वळवली आणि घरी आले. तेव्हापासून जे काय करायचं ते फोनवरचे व्हिडिओ बघून, अंगणात, माझ्या हातानं. फोनला रेंज फक्त गोठ्यामागं मिळायची. म्हणजे व्हिडिओ गोठ्यामागं बघायचा आणि पळत येऊन गाडीखाली शिरायचं. शिरेपर्यंत निम्मं विसरायला व्हायचं.

पण हे त्या बुटवाल्या माणसाला कशाला सांगा? मी तोंड पुसलं, म्हणजे काळं आणखी पसरवलं, आणि म्हटलं, "हॉर्न व्हय? सोपं हाय."

स्टिअरिंग काढलं. ते काढताना मी एकदा गोठ्यामागं जाऊन आले. तो विचारत होता, "कुठं गेला होतात?" मी म्हटलं, "म्हशीला बघायला." म्हैस तर केव्हाच विकली होती. सगळं परत बसवलं, एक स्क्रू उरला, तो मी मुठीत लपवला, आणि हॉर्न दाबला तर... वाजला. काय खुलला त्याचा चेहरा. मला म्हणाला, "मेस्त्री, मानलं तुम्हाला."

पुढच्या रविवारी तो परत आला. यायच्या आधी हॉर्न आला. मोठ्या रस्त्यावरून आमच्या गल्लीत वळायला डावीकडं वळावं लागतं, आणि त्या वळणावर त्याची गाडी एकदम बोंबलली. सरळ जाताना गप्प, उजवीकडं गप्प. डावीकडं स्टिअरिंग फिरवलं की गळा काढायची. माझं काम. मुठीतल्या त्या स्क्रूचं काम.

गल्लीतली सगळी दारं उघडली. समोरच्या सुमनकाकू हातात पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या. मला इतकी लाज वाटली की कान तापले.

"मी... मी करून देते नीट," मी म्हटलं.

"सावकाश होऊ दे," तो हसून म्हणाला. "निदान मी आलोय हे तुम्हाला कळतं."

मग दर रविवारी तो वळणावर बोंब मारत येऊ लागला. सुमनकाकू तर ओट्यावर बसूनच असायच्या. "राजी, तुझा हॉर्न आला बघ गं." मी आत पळायची आणि आरशात बघायची. मग स्वतःचाच राग यायचा आणि मुद्दाम विस्कटलेल्या केसांनीच बाहेर जायची. जायची मात्र उंबऱ्यापर्यंत. गाडी आत येईस्तोवर उंबरा धरून उभी राहायची.

हॉर्न सोडून आम्ही त्या गाडीचं सगळं काढलं. एअर फिल्टर साफ करायला घेतला, तर त्यात मुंग्यांचं वारूळ निघालं आणि दोघं अंगणभर नाचलो. ब्रेकच्या बोल्टाला चुकीचा पाना लावला, बोल्टाचं डोकं गोल झालं आणि तो आजतागायत निघाला नाही. जॅक लावला तर चाक वर जायच्या ऐवजी जॅकच चिखलात खाली गेला. प्रत्येक वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "पाना द्या," आणि पाना घेताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागायची. त्याला स्वतःला तर पाना कुठल्या बाजूला फिरवायचा तेही कळायचं नाही.

"तुम्हाला काहीच येत न्हाई," मी एकदा म्हटलं.

"येतं ना. तिकीट फाडता येतं."

"ते आता मशीनमधनं येतंय."

"मग काहीच येत नाही," तो म्हणाला. चष्मा काढून शर्टाला पुसत राहिला. "म्हणून तर इथं येतो."

त्याच्या गाडीत मी कधी बसले नाही. गल्लीला तेवढंच हवं होतं. त्यानंही कधी 'बसा' म्हटलं नाही. तो मला अहो-जाहो करायचा, मी त्याला तिकीटमास्तर म्हणायची. आणि मनात... मनात काय म्हणायची ते राहू दे.

नवरात्र बसलं आणि एका रविवारी तो उगाच व्हॅनच्या दाराची कडी उघडझाप करत उभा राहिला.

"आई येणार आहे. खंडेनवमीला. कुळ्याहून, सकाळच्या गाडीनं."

"बरं."

"तिला... तुम्हाला बघायचंय."

कडी एकदा उघडली, एकदा लागली. मी तोंडाला येईल ते बोलले, जशी मी नेहमी बोलते. "तुमची गाडी आदल्या दिवशी इथं ठेवून जा. धुऊन, सर्व्हिस करून, नवमीला सकाळी मीच कॅसलरॉकला आणते. तुमच्या आईंना मीच घेऊन येणार."

"कशाला त्रास? मी आणतो ना—"

"खंडेनवमीला मळकी गाडी चालते व्हय?"

नवमीच्या आदल्या दिवशी गाडी आणून त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. किल्ली गरम होती, त्याच्या मुठीतली.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळी हत्यारं देवापुढं मांडतात. शेतकऱ्याचा कोयता, सुताराची करवत, आमचे पाने. धुऊन, तेल लावून, वर हळदकुंकू, झेंडूचं फूल. एकदा पूजा झाली, नारळ फुटला, की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. देवानं त्यांना एक दिवस विसावा दिलेला असतो. गाड्या तर त्या दिवशी नवरीसारख्या सजतात.

तो गेल्यावर मी दोन्ही गाड्या धुवायला घेतल्या. अप्पा ओट्यावरून म्हणाले, "बाहेरनं धू हं. इंजिनात पाणी घालू नको."

मी म्हटलं, "देवाला आतलं दिसतंय, अप्पा."

आणि पाइप सरळ इंजिनवर धरला. त्याच्या गाडीच्या, आमच्या व्हॅनच्या. कशी लखलखीत दिसायला लागली दोन्ही. मी तर स्वतःवरच खूश झाले.

सकाळी दोन्हीपैकी एकही चालू होईना. किल्ली फिरवली की नुसतं खर्र... खर्र. प्लगच्या खोबणीत पाणी साठलं होतं. मी गोठ्यामागं जाऊन बघून आले आणि दोन्ही गाड्यांचे प्लग काढले. पुसले, तेल-काजळी खरवडून चकाचक केले, पान्यांबरोबर एका सुपात घातले आणि सूप ओट्यावर उन्हाला ठेवून आंघोळीला गेले. म्हटलं, डोकं धुऊन होईस्तोवर वाळतील, मग बसवते आणि निघते. साडी काढून ठेवली होती, डाळिंबी रंगाची.

साडी नेसून बाहेर आले तर ओट्यावर सूप नव्हतं.

देवघरात उदबत्तीचा वास होता. अप्पांनी पाने ओळीनं मांडले होते आणि पान्यांच्या पुढं, लहान मुलांची रांग करावी तसे, सगळे प्लग उभे केले होते. प्रत्येकाच्या टोकाला कुंकू. प्रत्येकापुढं एक झेंडू. नारळ फुटला होता.

"इतकं घासून ठेवलीस, म्हटलं पूजेलाच असणार," अप्पा म्हणाले. किती कौतुकानं म्हणाले.

मी बाहेर येऊन फोन बघितला. गोठ्यामागं. प्रज्योतचा मेसेज होता: "गाडी आली. आई उतरली. निघालात का?" मी लिहिलं, "निघालेच." खोटं. तरी पाठवलं. बाजारात विचारलं तर प्लग विकणारं दुकान बंद. गॅरेजातले पाने देवापुढं. भाड्यानं गाडी चालवणाऱ्या परशूची जीप माणसं घेऊन गेलेली. थोड्या वेळानं परत मेसेज आला, "आई स्टेशनच्या बाकावर बसली आहे. काही नाही, सावकाश या." ते 'काही नाही' मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा बघायला आलेली बाई, माझी वाट बघत बाकावर.

अप्पा परसात हार करत होते. मी देवघरात गेले. हात जोडले, डोळे मिटले, आणि प्लगपाना उचलला. मग प्लग उचलले, एकेक. घाईत कोपर समईला लागलं, तेल सांडलं, कुंकू सांडलं. मी मागं बघितलंच नाही.

व्हॅनला प्लग बसवले, वायरी जोडल्या. कुठली वायर कुठल्या प्लगला ते कोण लक्षात ठेवतंय? किल्ली फिरवली. व्हॅन एकदा शिंकली, आणि मग सायलेन्सरमधून असा बार उडाला की गल्लीतली कुत्री पळाली. काळा धूर. बॉनेटवरची केळीची पानं खाली. आत टांगलेला झेंडूचा हार तुटून माझ्या डोक्यावर.

धूर निवळला तर दारात परशूची जीप उभी होती. वाटेत त्याला गाठून प्रज्योत आईला घेऊन आला होता. आई उतरत होत्या. हातात मोगऱ्याची वेणी, हिरवं लुगडं, आणि माझ्याकडं बघून त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी पाया पडायला वाकले तर माझ्या हातांचे काळे ठसे त्यांच्या पावलांवर उमटले. "हात धू गो बाय," त्या म्हणाल्या. एवढंच. मग देवाला नमस्कार करायला आत गेल्या. मी मागून गेले आणि जागच्या जागी थिजले. कुंकवात रिकाम्या गोल जागा होत्या, जिथून मी प्लग उचलले होते तिथं. समई कलंडलेली. अप्पा दाराशी उभे होते.

"हांगासून कितें उचललं?" रिकाम्या जागांकडं बोट दाखवून आईंनी विचारलं.

अप्पांनी माझ्या काळ्या हातांकडं बघितलं आणि खाली बघितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. अप्पांनी मान खाली घातलेली मी जन्मात बघितली नव्हती, गॅरेजवाले हसले तेव्हासुद्धा नाही. आईंचा पदर तोंडावरून हटला नाही. चहा झाला, तोही सुमनकाकूंनी केला, कारण माझे हात धुऊन निघतच नव्हते. वेणी त्यांच्या पिशवीत तशीच राहिली. जाताना प्रज्योत माझ्याकडं वळला, काहीतरी बोलणार होता... पण मी आत निघून गेले. तोंड दाखवायला जागा नव्हती मला.

दसऱ्याच्या सकाळी अप्पांनी परत पूजा केली. मला बोलावलं. मी उंबऱ्यावरच थांबले.

"ये की."

"मी उचललं, अप्पा. देवापुढचं."

"व्हय, उचललंस." त्यांनी कुंकू सारखं केलं. "आणि मी न बघता प्लग पूजेला लावले. जन्मभर गाडी हाकली, आणि प्लगाशिवाय ती हलत न्हाई हे मला कळू नये? रात्रभर मलाच लाज वाटत होती." त्यांनी प्लगपान्याला कुंकू लावलं आणि माझ्या हातात दिला. "घे. वायरींची ओळ मी सांगतो. तू बसव."

दोन्ही गाड्या चालू झाल्या. पहिल्या फटक्यात. मला रडू आलं, ते आनंदाचं नव्हतं. लाल गाडी आता नीट होती, म्हणजे ती इथं ठेवायला काही कारण उरलं नव्हतं. मी ती परशूच्या हाती कॅसलरॉकला पाठवून दिली. स्वतः गेले नाही. गाडी पोचली, किल्ली पोचली. आता तो कशाला येतोय या गल्लीत?

संध्याकाळ झाली. माणसं बन्नीची, म्हणजे शमीची पानं वाटत घरोघरी निघाली. "सोनं घ्या," "सोनं घ्या." सुमनकाकू आल्या, आज त्यांनीसुद्धा काही चिडवलं नाही. तेच जास्त लागलं. मी आत पाटावर बसून नखांतलं काळं टाचणीनं काढत होते.

आणि वळणावर हॉर्न बोंबलला.

टाचणी बोटात घुसली. मी उठले, पण उंबऱ्यापर्यंत पाय जाईनात. गाडी थांबली, दार वाजलं, आणि आईंचा आवाज आला. मुलाला खरपूस बोलत होत्या.

"अरे, कॅसलरॉकसून इतकी डावी वळणं घेतलीस, तेव्हा ह्या हॉर्नानं तोंड उघडलं नाही. ह्यांच्या गल्लीतच बरा वाजतो तो? आणि बोटानं दाबलास तू, मी बघितलं ना."

मी उंबऱ्यावर आले. प्रज्योत गाडीला टेकून उभा होता, हातात पानं, आणि त्याचे कान लाल झाले होते. आज लाज त्याला वाटत होती. बघायला काय बरं वाटलं मला.

आईंनी पिशवीतून वेणी काढली आणि माझ्या केसांत माळली, आमच्या अंगणात, सगळ्या गल्लीसमोर. "काल मला रागावली समजलीस? अगो, हसू आवरत नव्हतं मला. देवाच्या दारात कसं हसायचं? म्हणून पदर दाताखाली धरून बसले." एवढं बोलून त्या अप्पांना सोनं द्यायला आत गेल्या.

मी गाडीजवळ गेले.

"हॉर्न कधी दुरुस्त केला?"

"श्रावणातच. तुमच्याकडून परत जाताना... दुसऱ्याच रविवारी. लोंढ्यात एकाला दाखवला. एक स्क्रू कमी होता म्हणाला."

"आणि मला सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तर..." त्यानं चष्मा काढला, पुसायला शर्ट धरला, आणि पुसलाच नाही. "वळणावर हॉर्न वाजला की तुम्ही उंबऱ्यावर येता. केस विस्कटलेले, नाकावर काळं. आठवडाभर खिडकीमागं बसून मी त्याचीच वाट बघतो. नीट झालाय असं कळलं असतं, तर परत यायला काय कारण सांगायचं? गाड्या मला आवडतसुद्धा नाहीत, राजी."

राजी. पहिल्यांदा.

"मग काय आवडतं?" मी विचारलं. विचारताना माझंच मला ऐकू आलं नाही.

त्यानं माझा हात घेतला, काळ्या नखांचा, टाचणी टोचलेला, आणि तळव्यावर बन्नीचं पान ठेवलं. बोट लगेच सोडलं नाही, त्या पहिल्या दिवसासारखंच. "सोनं घे," म्हणाला. "आणि मला हो म्हण."

"हो," मी म्हटलं. मग आत पळून गेले, कारण सुमनकाकू ओट्यावर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

अंधारायच्या आधी ती दोघं निघाली. आई पुढं बसल्या. मी दारात उभी राहिले, अप्पा माझ्या मागं.

"जाताना वाजव," मी त्याला म्हटलं. 'तुम्ही' म्हणायचं सुटलं ते कायमचंच.

"जाताना वळण उजवीकडं आहे."

"असू दे. तरी वाजव."

लाल गाडी गल्लीच्या टोकाला गेली, उजवीकडं वळली, आणि लांबलचक हॉर्न वाजला. सगळी दारं उघडली. मी मात्र कुठं पळाले नाही, उंबऱ्यावरच उभी राहिले.